छत्री कोणाच्या डोळ्यात खुपते?

मागच्या प्रश्नोत्तरांच्या भागात आम्ही डॅलसजवळ राहणाऱ्या एका श्रोत्याचा प्रश्न घेतला होता. घर स्वतःचं, कर्ज स्वतःचं, आणि छपराच्या कडेला लावलेला टीव्हीचा अँटेना काढून टाका असं पत्र वसाहतीच्या होमओनर्स असोसिएशनकडून आलेलं. 'असं त्यांना करता येतं का?' मी माइकवर दीड मिनिटात उत्तर दिलं. नाही करता येत. अमेरिकेत १९९६ पासून त्यासाठी नियम आहे, त्याचा हवाला देऊन पत्राला उत्तर पाठवा. पुढचा प्रश्न.

उत्तर चूक नव्हतं. पण ते देताना मी जेद्दाहमध्ये माझ्या खोलीत बसले होते आणि समोरच्या इमारतीची गच्ची मला दिसत होती. दोन वर्षांपूर्वी पोस्टडॉकसाठी इथे आले तेव्हा त्या गच्चीवर नऊ डिश मोजल्या होत्या. आता दोन आहेत. गेलेल्या सातांतली एक मला चांगली माहीत होती. तिच्याबद्दल पुढे सांगते. रेकॉर्डिंग संपल्यावर वाटलं, आपण प्रश्नाचं कायदेशीर उत्तर दिलं आणि प्रश्न तसाच ठेवला. घराबाहेर लावलेली एक धातूची वाटी इतक्या जणांना का खुपते? आणि ती काढायला लावताना जी कारणं दिली जातात ती वाचायची कशी? आपण संशोधक कादंबऱ्या आणि सिनेमे बारकाईने वाचतो. नियम मात्र पाळायचे किंवा मोडायचे, वाचायचे नाहीत, अशी आपली सवय. या लेखात मी नियम वाचणार आहे.

ग्राहकाचा हक्क

सुरुवात डॅलसच्या नियमापासून. अमेरिकेच्या काँग्रेसने १९९६ च्या दूरसंचार कायद्यात, कलम २०७ मध्ये, फेडरल कम्युनिकेशन्स कमिशनला सांगितलं की घरोघरी टीव्हीचे सिग्नल घेण्याच्या आड येणारे निर्बंध काढून टाका. त्यावरून त्याच वर्षी ऑक्टोबरपासून नियम लागू झाला. एक मीटर किंवा त्याहून लहान डिश, आणि स्थानिक प्रक्षेपण पकडणारा साधा अँटेना, यांच्यावर वसाहतीला, नगरपालिकेला किंवा घरमालकाला असे निर्बंध घालता येत नाहीत ज्यांनी बसवायला विनाकारण उशीर होईल, खर्च वाढेल किंवा चित्र नीट दिसणार नाही. सुरक्षितता आणि ऐतिहासिक वास्तू हे दोन अपवाद. निर्बंध योग्य आहे हे सिद्ध करायची जबाबदारी निर्बंध घालणाऱ्यावर. १९९९ पासून भाडेकरूही त्यात आले.

वाचायला किती छान वाटतं! पण नीट बघा, हा हक्क कशातून आला. केबल कंपन्यांची मक्तेदारी मोडायची होती. उपग्रहावरून टीव्ही विकणाऱ्या नव्या कंपन्यांना गिऱ्हाईक मिळायला हवं होतं, आणि गिऱ्हाइकाच्या छपरावर वसाहतीची समिती पहारा देत बसली तर धंदा कसा होणार? म्हणजे हा बाजारात निवड करणाऱ्या ग्राहकाचा हक्क आहे. भाषा, बातमी, करमणूक, आठवण यांच्याशी त्याचं देणंघेणं नाही. म्हणून तर त्यात मीटरची मर्यादा आहे. त्या काळी विकल्या जाणाऱ्या छोट्या डिश त्यात बसत होत्या. परदेशातली वाहिनी पकडायला लागणारी आठ-दहा फुटी डिश बसत नव्हती.

दुसरी गोष्ट आणखी महत्त्वाची. हा नियम फक्त तुमच्या खास वापरातल्या जागेला लागू होतो. स्वतःचं अंगण, स्वतःची बाल्कनी, स्वतःचं छप्पर. इमारतीची सामाईक गच्ची, बाहेरची भिंत, जिना यांना नाही. स्वतंत्र घर असेल तर हक्क पूर्ण. फ्लॅट असेल आणि बाल्कनी उपग्रहाच्या दिशेला असेल तर हक्क आहे. बाल्कनी उलट्या दिशेला असेल तर हक्क कागदावर. बाल्कनीच नसेल तर विषय संपला. मी माइकवर हे सांगितलं नाही, कारण प्रश्न विचारणाऱ्याचं घर स्वतंत्र होतं. ऐकणाऱ्यांपैकी किती जणांचं आहे?

मुंबई-पुण्यात वाढलेल्यांना हे नवीन नाही. एके काळी टीव्ही घरात ठेवायलाच परवाना लागायचा, दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरावे लागायचे. ती पद्धत १९८०च्या दशकाच्या मध्यात बंद झाली. अँटेना मात्र कुणाच्या परवानगीचा विषय नव्हता. चाळीच्या कौलांवर माशाच्या काट्यांसारखे अँटेने उभे असायचे, आणि कुणीतरी वर चढून 'आता दिसतंय का?' असं ओरडायचं. पुढे डिश आली, तिला गावाकडे लोक छत्री म्हणू लागले, आणि सोसायट्यांच्या सूचनाफलकांवर 'खिडकीच्या जाळीला डिश लावू नये' अशा चिठ्ठ्या आल्या. कौलावरचा काटा कुणाला खुपला नाही, टॉवरच्या काचेवरची वाटी खुपली. वस्तूचं काम तेच होतं. बदलली होती ती इमारतीची स्वतःबद्दलची कल्पना.

आकाशात राजपुत्र, गच्चीवर बंदी

आता सौदी अरेबिया. इथे गोष्ट वसाहतीच्या समितीपासून सुरू होत नाही, थेट मंत्रिमंडळापासून होते.

टीव्हीशी या देशाचं नातं पहिल्यापासून ताणाचं. पूर्व किनाऱ्यावर धहरानमध्ये आराम्को कंपनीने १९५७ मध्येच स्वतःचं केंद्र सुरू केलं होतं. सरकारी टीव्ही आला १९६५ मध्ये, आणि त्याला झालेल्या विरोधात राजघराण्यातला एक तरुण, खालिद बिन मुसाइद, पोलिसांच्या गोळीने मेला. दहा वर्षांनी, १९७५ मध्ये, त्याच्या भावाने राजे फैसल यांची हत्या केली. हे त्याच मृत्यूचं सुडाचं प्रकरण होतं असं अनेक जण मानतात.

पण त्याच काळात सौदी अरेबिया आकाशातही गुंतवणूक करत होता. अरब लीगच्या देशांनी १९७६ मध्ये अरबसॅट ही संस्था काढली. मुख्यालय रियाधला, सर्वांत मोठा वाटा सौदीचा. जून १९८५ मध्ये डिस्कव्हरी यानातून अरबसॅटचा दुसरा उपग्रह सोडला गेला तेव्हा यानात राजपुत्र सुलतान बिन सलमान स्वतः होते. अंतराळात गेलेले ते पहिले अरब. देशभर अभिमानाचा क्षण.

आता पाच वर्षं पुढे या. २ ऑगस्ट १९९० ला इराकने कुवेतमध्ये सैन्य घुसवलं. सौदी माध्यमांनी ही बातमी जवळजवळ तीन दिवस दिली नाही. शेजारच्या देशात युद्ध आणि आपल्या टीव्हीवर काहीच नाही, हा अनुभव लोक विसरले नाहीत. ज्यांना परवडलं त्यांनी डिश घेतली. त्याच सुमारास आपल्याकडचं आकाशही उघडलं. एशियासॅट-१ हा उपग्रह १९९० मध्ये गेला, १९९१ मध्ये त्यावरून स्टार टीव्ही सुरू झाला आणि ऑक्टोबर १९९२ मध्ये झी. त्याचा झोत आखातापर्यंत पोचत होता. इथल्या भारतीयांच्या गच्च्यांवर जाळीच्या मोठ्या डिश आल्या त्या तेव्हा.

मार्च १९९४ मध्ये सौदी मंत्रिमंडळाने डिशवर बंदी घातली. आयात नाही, उत्पादन नाही, वापर नाही. दंड लाखांत रियाल. कारण दिलं गेलं धर्म आणि समाजाच्या मूल्यांचं. सोबत आश्वासन असं की निवडक, योग्य कार्यक्रम सरकार स्वतः केबलवरून देईल.

हा मजकूर दांभिक आहे असं म्हणणं सोपं आहे. कारण ज्या वाहिन्या त्या डिशवर दिसत होत्या त्यांतल्या बऱ्याच सौदी पैशावरच चालत होत्या. एमबीसी १९९१ मध्ये लंडनहून सुरू झाली, मालक राजे फहद यांचे मेहुणे. एआरटीमागे जेद्दाहचे उद्योगपती सालेह कामेल. १९९४ मध्येच, म्हणजे बंदीच्याच वर्षी, रोमहून सुरू झालेल्या ऑर्बिटमागेही सौदी उद्योगसमूह. म्हणजे पाठवणारे आपलेच, उपग्रह आपला, आणि घेणारा गुन्हेगार.

पण दांभिक म्हणून सोडून दिलं तर मजकूर वाचायचा राहून जातो. मला त्यात एक स्पष्टपणा दिसतो. १९९४ चा निर्णय सरळ सांगतो की आमचा आक्षेप तुम्ही काय बघता याला आहे. डिश कुरूप आहे असं तो म्हणत नाही. आक्षेप असा उघड असला की वादही उघड करता येतो. काय बघायचं ते मी ठरवीन की तुम्ही? प्रश्न साफ आहे. लोकांनी त्याचं उत्तर वाद न घालता दिलं. काही वर्षांत शहरांतल्या गच्च्या डिशनी भरून गेल्या. बंदी पुस्तकात राहिली, छत्र्या छपरावर. इराणनेही १९९५ मध्ये असाच कायदा केला, तिथेही गच्च्यांनी तेच उत्तर दिलं.

इथे गच्चीची रचना कामी आली. सौदी घरांच्या गच्चीला उंच कठडा असतो, घरातल्या बायकांना मोकळेपणाने वावरता यावं म्हणून. १९९२ च्या मूलभूत कायद्याचं ३७वं कलम सांगतं की घर अभंग आहे, मालकाच्या परवानगीशिवाय कुणी आत येऊ शकत नाही. कठड्याआडची गच्ची ही घराचाच भाग. ज्या भिंती परक्या नजरेपासून घर झाकायला बांधल्या, त्यांनी डिशही झाकली.

'प्रतिकार' हा शब्द जरा जपून

आमच्या क्षेत्रात हा इतिहास सांगायची एक ठरलेली चाल आहे. डिश म्हणजे प्रतिकार, गच्ची म्हणजे मोकळं आकाश, प्रेक्षक म्हणजे बंडखोर. मी स्वतः पीएचडीच्या पहिल्या वर्षी असा एक निबंध लिहिला होता आणि त्याला चांगले गुण मिळाले होते. आज तो वाचवत नाही.

कारण बंदी मोडून लोकांनी बघितलं काय? बहुतेक वेळा एमबीसीच्या मालिका आणि गाण्यांचे कार्यक्रम, म्हणजे राजांच्या मेहुण्याची वाहिनी. सत्तेला हे फार टोचत नव्हतं. जिथे टोचलं तिथे तिने डिशला हात न लावता बटण बंद केलं. ऑर्बिटवरून बीबीसीची अरबी टीव्ही सेवा जायची. १९९६ मध्ये सौदीतल्या शिक्षांबद्दलच्या एका कार्यक्रमानंतर ऑर्बिटने करारच मोडला. तिथून बाहेर पडलेल्या पत्रकारांपैकी बरेच जण त्याच वर्षी सुरू झालेल्या अल जझीरात गेले. गच्चीवरची डिश या सगळ्यात जागची हलली नाही. ती फक्त घेणारी वस्तू आहे. तिच्यावर बंडाची जबाबदारी टाकणं हा आपला, म्हणजे लिहिणाऱ्यांचा, सोयीचा अलंकार आहे.

मग तिचं मोल कशात? ते मला एका पुस्तकाने नाही, समोरच्या इमारतीतल्या चाचांनी शिकवलं. चाचा खेड तालुक्यातले. रत्नागिरी जिल्ह्यातून आखातात आलेल्या असंख्य कोकणी मुसलमानांपैकी एक. गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात पस्तीस वर्षं. माझं मराठी ऐकून त्यांनीच मला रस्त्यात थांबवलं होतं, 'गो, तू आपल्याकडची काय?' म्हणून. त्या गच्चीवरची आठ फुटी जाळीची डिश त्यांची. झी सुरू झालं तेव्हा सहा जणांनी वर्गणी काढून घेतलेली. बाकीचे पाच एकेक करून गावी गेले, डिश चाचांकडे राहिली. १९९९ मध्ये अल्फा मराठी आली, पुढे मराठी बातम्यांच्या वाहिन्या. महाराष्ट्रात संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा इथे साडेचार. असरची नमाज झाली की चाचा दुकानातून पंधरा मिनिटांसाठी घरी यायचे आणि बातम्या लावायचे. का? 'जगबुडीला पूर आला का ते कळायला हवं ना.' बस. बंड नाही, स्मरणरंजन नाही. घराशेजारची नदी कुठवर आली आहे हे जाणून घेणं.

परक्याचा हक्क

चाचांच्या या गरजेला कायद्यात नाव आहे का? अमेरिकेच्या नियमात नाही, हे आपण पाहिलं. युरोपात आहे.

जर्मनीच्या घटना न्यायालयाने फेब्रुवारी १९९४ मध्ये, सौदीच्या बंदीच्या एक महिना आधी, एका तुर्की भाडेकरूच्या प्रकरणात सांगितलं की मायदेशाच्या वाहिन्या बघण्याची त्याची गरज आणि मालकाचा मालमत्तेचा हक्क यांना तराजूत समोरासमोर ठेवलं पाहिजे. मालकाचं पारडं आपोआप जड नाही. स्वीडनमधलं प्रकरण आणखी बोलकं आहे. स्टॉकहोमच्या रिंकेबी उपनगरात भाड्याने राहणाऱ्या इराकी मूळच्या एका कुटुंबाने अरबी आणि फारसी कार्यक्रमांसाठी डिश लावली होती. भाडेकरारात बाहेर काही लावायला मनाई होती. डिश काढायला नकार दिला म्हणून तीन मुलांसह त्यांना घर सोडावं लागलं. युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १६ डिसेंबर २००८ रोजी निकाल दिला की हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या कलमाचा भंग आहे. माहिती मिळवणं हाही त्या स्वातंत्र्याचा भाग आहे, आणि माहिती म्हणजे फक्त राजकीय बातम्या नव्हेत, संस्कृती आणि करमणूकही त्यात येते. करार खासगी असला तरी तो अंमलात आणणारं न्यायालय सरकारी आहे, म्हणून जबाबदारी देशाची.

तुम्ही परदेशात भाड्याने राहत असाल तर हा निकाल एकदा तरी वाचा. फार कमी कायदेशीर मजकुरांमध्ये 'घरी काय चाललंय ते बघायचंय' या इच्छेला इतकं गंभीरपणे घेतलेलं असतं.

पण टीका करायला बसलोय तर याचीही करू. इथे हक्क मिळतो तो परका म्हणून. तुम्ही स्थलांतरित आहात, तुमची भाषा वेगळी आहे, मुलांना ती यायला हवी, म्हणून तुम्हाला डिश. जिंकायचं तर न्यायालयासमोर आपला परकेपणा मांडावा लागतो. तो पुरेसा दिसला नाही तर? आणि पर्याय उपलब्ध झाला तर? जर्मनीतच पुढे न्यायालयं म्हणू लागली की केबलवर तुमच्या देशाच्या काही वाहिन्या मिळत असतील तर डिशची गरज नाही. ऐकायला वाजवी वाटतं. मग प्रश्न असा, 'तुमच्या देशाची वाहिनी' म्हणजे कोणती, हे कोण ठरवणार? एका भाषेच्या देशातून आलेल्या माणसाला हा प्रश्न पडत नाही. आपल्याला पडतो. कारण जगात कुठेही गेलं तरी भारतीय पॅकेज म्हटलं की आधी हिंदी येते, आणि हिंदी आली की व्यवस्थापकाच्या दृष्टीने तुमची सोय झालेली असते.

सौंदर्याचा नियम

चाचांच्या इमारतीत नेमकं हेच घडलं.

गेल्या काही वर्षांत सौदी शहरांमध्ये 'तशव्वुह बसरी' हा शब्दप्रयोग सगळीकडे दिसतो. दृश्य विद्रूपता. रस्त्यातले खड्डे, पडका राडारोडा, भिंतींवरची रंगरंगोटी, दर्शनी बाजूला लटकणारी वातानुकूलन यंत्रं, बाल्कनीतल्या डिश, सगळं त्यात येतं. नगरपालिका मंत्रालयाने २०२३ पासून इमारतींसाठी अनुपालन प्रमाणपत्र आणलं. अशा त्रुटी दूर केल्या की ते मिळतं. शिवाय २०२० च्या कायद्यानंतर फ्लॅटमालकांच्या संघटनांना, 'जमइय्यत अल-मुल्लाक' यांना, नीट चौकट मिळाली आहे. म्हणजे आपल्या सोसायटीसारखंच. सदस्य अर्थातच मालक. भाडेकरू नाही.

मला यातल्या बऱ्याच गोष्टी पटतात. इथल्या फुटपाथवरून चालताना एसीचं पाणी डोक्यावर पडलेलं मी अनुभवलंय. शहर नीटनेटकं असावं यात काय वाईट? आणि नियम बाल्कनी आणि दर्शनी भागाबद्दल आहे, कठड्याआडच्या गच्चीबद्दल नाही. पण चाचांच्या मालकाने विचार केला असावा, कशाला धोका घ्या. त्याने इमारत रंगवली, खिडक्या बदलल्या आणि गच्चीही साफ केली. सात डिश उतरवल्या, दोन ठेवल्या आणि त्यांवरून सगळ्या फ्लॅटना वायर दिली. चाचा बोलायला गेले तेव्हा उत्तर मिळालं, हिंदी आहे, मल्याळम आहे, आणखी काय पाहिजे?

आता जरा भूगोल. जेद्दाहहून अरबसॅट बघायचा तर डिश साठ अंशांवर, जवळजवळ डोक्यावर रोखावी लागते. तो उपग्रह २६ अंश पूर्वेला आहे. तुम्ही ती मागच्या अंगणात, भिंतीआड, कुठेही ठेवा, आकाश मिळतं. एशियासॅटची जागा १०५.५ अंश पूर्व. जेद्दाहहून तो क्षितिजाच्या जेमतेम तेरा-चौदा अंश वर दिसतो. त्यासाठी पूर्वेची बाजू मोकळी हवी आणि डिश उंचावर हवी, कठड्याच्या वर डोकं काढून. म्हणजे 'डिश दिसता कामा नये' हा नियम सगळ्यांना सारखा लागू केला, तरी अरबी बघणाऱ्याला तो काही मागत नाही आणि पूर्वेकडे बघणाऱ्याचं सगळं घेतो. नियम लिहिणाऱ्याच्या मनात भेदभाव असेलच असं नाही. भेदभाव कोनात आहे.

हीच गोष्ट मला १९९४ पेक्षा अवघड वाटते. 'तुम्ही काय बघता ते चूक आहे' याला उत्तर देता येतं. 'तुम्ही काय बघता याच्याशी आम्हाला कर्तव्य नाही, फक्त वाटी दिसायला नको' याला काय उत्तर देणार? डॅलसच्या पत्रातही मूल्यांचा उल्लेख नसतो, वसाहतीच्या एकसारखेपणाचा असतो. रिंकेबीच्या मालकानेही भाषेबद्दल अवाक्षर काढलं नव्हतं, कराराबद्दल बोलला. आपल्या सोसायटीच्या फलकावरची चिठ्ठीसुद्धा याच जातीची. सौंदर्याचा नियम कुणाच्याच विरुद्ध नसतो. म्हणून त्याविरुद्ध उभं राहणारा माणूस हट्टी दिसतो, गावंढळ दिसतो.

'अ‍ॅप आहे ना'

इथवर वाचताना तुमच्यापैकी निम्म्यांच्या मनात आलं असेल, या काळात डिश कशाला? फोनवर सगळं मिळतं. चाचांचा मुलगाही तेच म्हणाला. त्याने चाचांना फोनवर मराठी बातम्या लावून दिल्या. चाचा बघतात. मग तक्रार काय?

तक्रार तीन गोष्टींची आहे. एक, अ‍ॅपला दर महिन्याला पैसे लागतात किंवा जाहिराती, आणि प्रत्येक अ‍ॅपवर 'तुमच्या देशात उपलब्ध नाही' ही पाटी कधीही झळकू शकते. ती पाटी कोण लावतं आणि का, हे तुम्हाला विचारता येत नाही. दोन, डिश घरातल्या सगळ्यांची असते, फोन एकाचा. चाची आता चाचा घरी यायची वाट बघतात. तीन, आणि माझ्या मते ही सर्वांत मोठी, डिश एकतर्फी असते. ती घेते, सांगत काही नाही. तुम्ही काय बघितलं, किती वेळ बघितलं, कुठे थांबलात, हे उपग्रहाला कळत नाही. अ‍ॅपला कळतं. १९९४ मध्ये ज्या सरकारला लोक काय बघतात याची काळजी होती, त्याला गच्च्या बाहेरून मोजाव्या लागल्या असत्या. आज जगातल्या कुठल्याही सरकारला किंवा कंपनीला गच्चीवर चढायची गरज नाही. दिसणारी वस्तू गेली आणि बघणारा माणूस दिसू लागला. सौंदर्याच्या बाजूने बोलणाऱ्यांनी हा हिशोब कधी मांडलेला नाही.

मला डिशचं स्मारक करायचं नाही. गंजते, वादळात हलते, चॅनेल शोधताना दिवस जातो. तिच्यात जे होतं ते मात्र नव्या साधनात हवं. कोणाला न विचारता, न सांगता, आपल्या भाषेतलं घेता येणं.

म्हणून डॅलसच्या मित्रा, दीड मिनिटाचं उत्तर दुरुस्त करते. पत्राला नियमाचा हवाला देऊन उत्तर पाठवच. तो हक्क तुझा आहे. पण पुढच्या बैठकीला समितीत जाऊन बस. तुझ्या वसाहतीच्या मागच्या रस्त्यावर भाड्याच्या इमारती असतील. तिथे उत्तरेकडे बाल्कनी असलेलं एखादं व्हिएतनामी किंवा सोमाली कुटुंब राहत असेल. त्यांना तुझा नियम लागू नाही, आणि समितीत त्यांना मत नाही. सामाईक गच्चीवर एक खांब उभारायला किती खर्च येतो, हे तू विचारू शकतोस. ते नाही.

तुम्ही मुंबईत, म्युनिकमध्ये, मेलबर्नमध्ये अशा कुठल्या समितीवर असाल तर तुम्हालाही हेच. 'दर्शनी भाग' असा शब्द असलेला ठराव समोर आला की सही करण्याआधी एकदा विचारा, हा नियम कोणाकडून काहीच मागत नाही, आणि कोणाकडून सगळं मागतो?

चाचांची डिश मालकाने भंगारात दिली. एलएनबी तेवढा त्यांनी काढून घेतला. दुकानातल्या काउंटरवर, सुट्या भागांच्या खोक्यात तो पडलेला असतो. मागच्या आठवड्यात गेले तेव्हा चाचा साडेचारला फोन कानाशी धरून उभे होते. नेट अडकलं होतं, चित्र थांबलं होतं, नुसता आवाज येत होता. खेडात पाऊस लागला होता.